वाफेचे सात रोजे

१४ जून २००९, रविवार

अब्बांच्या पायाचं एकदाचं कळलं. उजव्या पोटरीतली रक्ताची नळी अरुंद झाली आहे. म्हणून चालताना मध्येच थांबावं लागतं. आम्ही समजत होतो, इथे आखातात खोर फक्कानच्या पोर्टात दिवसभर उभं राहून पाय दुखतो. कारण एकच निघालं, सिगारेट.

डॉक्टर हैदराबादचे. म्हणाले, "चाचा, सिगरेट रखनी है या टांग?"
अब्बा म्हणाले, "दोनों नहीं हो सकता?"
डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे वळले आणि पुढची दहा मिनिटं इंग्रजीत माझ्याशीच बोलले. सोडली आणि रोज चालले तर पाय सुधारेल. नाही सोडली तर आधी बोटं जातील, मग पुढचं. अब्बा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले होते.

लिफ्टमध्ये म्हणाले, "पाय माझा, नि बोलला तुझ्याशी." दोन मजले गेल्यावर, "बरं झालं गो सलमा, तुला शिकवली."

रोज वीस. बत्तीस वर्षं. आता हे काम माझं. त्यांचा पाय मी जाऊ देणार नाही. लिहून ठेवते.

१९ जून, शुक्रवार

निकोटीनचं च्युइंगम आणलं. अब्बांच्या कवळीला चिकटलं. अम्मी हसून हसून खाली बसली. अब्बा कवळी हातात घेऊन बेसिनपाशी उभे, बोलता येत नव्हतं म्हणून नुसते डोळे वटारत होते. च्युइंगम खलास.

आज सि. १८. (सि. म्हणजे सिगारेट. रोजचा आकडा लिहिणार.)

१० जुलै, शुक्रवार

मामू जेवायला आले. दुबईच्या बर दुबई भागात त्यांचं कापडाचं दुकान आहे, वर्षातून दोनदा चीनला, ग्वांगझूला जातात. या खेपेला कापड कमीच आणलं, गिऱ्हाईक कुठे आहे म्हणतात. पण एक नवी वस्तू आणली. बॅटरीची सिगारेट. खरीएवढीच पांढरी, जरा जड. ओढली की टोकाला लाल दिवा लागतो आणि तोंडातून वाफ येते. धूर नाही, राख नाही, वास जवळजवळ नाही. मागच्या नळीत पातळ औषधासारखं काही भरलेलं असतं, ती संपली की नवी लावायची. अडीचशे दिरहम, "म्हणजे सव्वातीन हजार रुपये, आणि इथे मागून मिळणार नाही," मामू दोनदा म्हणाले. एक संच अब्बांना, एक स्वतःला. मामूही ओढतात.

सोबतचा कागद चिनीत, मागे मोडकं इंग्रजी. अम्मीने तो सरळ माझ्या हातात दिला. घरात कुठलाही कागद आला की माझ्याच हातात येतो. व्हिसाचा असो, लाइट बिलाचा असो. आपल्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिली, म्हणून मला सगळं येतं असा यांचा समज. मी रात्रीचं जेवण सोडून कागद वाचला. निकोटीन, पाणी, सुगंध, प्रॉपिलीन ग्लायकॉल. हे शेवटचं मला ओळखीचं, बी.एस्सी.ला केमिस्ट्रीच होती. किती छान वाटलं! आपलं शिक्षण आपल्या माणसाच्या अंगाला लागतंय.

कागदावर लिहिलंय, पहिले आठवडे नियमित वापरा, खंड नको. मी तक्ता केला. सकाळी सातपासून दर दोन तासांनी. फ्रिजवर लावला. अब्बा तक्त्याकडे बघून म्हणाले, "पोर्टाचं टाइमटेबल पण इतकं टाइट नाही."

१६ जुलै, गुरुवार

सि. ९! निम्म्याहून खाली.

पण आज अब्बा पोर्टावरून गप्प गप्प आले. ते क्लिअरिंग कंपनीत आहेत, कागद घेऊन खिडकी खिडकी फिरायचं नि कंटेनर सुटेपर्यंत थांबायचं. मंदीत कंटेनर कमी, थांबणं तेवढंच. त्या थांबण्यात सगळे ट्रेलरवाले, क्लार्क, एका शेडखाली उभे राहून ओढतात. आज तिथले खानसाब, पेशावरचे ड्रायव्हर, अब्बांच्या तोंडात पेटलेली सिगारेट बघून जवळ आले आणि आपली सिगारेट तिच्या टोकाला लावून ओढायला लागले. ओढतायत, ओढतायत. लाल दिवा लागतोय, पेटत काही नाही. "हाजी, आपकी तो गीली है!"

सगळी शेड हसली म्हणे. मीसुद्धा हसले. अम्मी हसली नाही. तिने विचारलं, "मग?"
"मग काय. हसले. मी पण हसलो." आणि थोड्या वेळाने, "आता ओढायची तर गाडीच्या मागे जाऊन ओढतो."

२४ जुलै, शुक्रवार

या यंत्राबद्दल ओढणाऱ्यांना काय वाटतं ते लिहून ठेवायचं ठरवलं. लॅबमध्ये तसंही काम नाही. आम्ही काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडतो, किती वजनाला फुटतात ते लिहितो. इमारतीच थांबल्या, ठोकळे येणार कुठून.

मामू: "दोन दिवस ओढली. चहाच्या कपातून गरम पाणी प्यायल्यासारखं वाटतं. कप तोच आहे गो, पण चहा?" आपला संच त्यांनी सावंतकाकांना देऊन टाकला.

सावंतकाका (समोरच्या फ्लॅटमधले, पुण्याचे, बिल्डिंग कंपनीत इंजिनीअर. रोज संध्याकाळी अब्बा आणि ते खाली पार्किंगजवळ ओढतात): "ऑफिसमध्ये बेस्ट. मीटिंग संपली, टॉयलेटमध्ये दोन झुरके, कुणाला पत्ता नाही. जेवणानंतर मात्र ओरिजिनल." म्हणजे दोन्ही चालू. मी म्हटलं, काका, मग सुटणार कशी? म्हणाले, "सोडतो असं कोण म्हणालं? मी तर सोय बघतोय." त्यांची सात वर्षांची अनन्या म्हणते, "पप्पा, युवर सिगारेट नीड्स चार्जिंग."

अब्बांना विचारलं नाही. त्यांचं तर आकड्यातच दिसतंय. आज सि. ६.

२२ ऑगस्ट, शनिवार

पहिला रोजा. सकाळी अब्बांनी यंत्र कपाटात ठेवलं, खिशातलं पाकीटही. दिवसभर काही नाही. अंगाची लाही करणारं ऊन, चौदा तासांचा रोजा, चिडचिड नाही, काही नाही. दर वर्षी असंच असतं, म्हणून मला कधी नवल वाटलं नाही.

इफ्तार. खजूर, पाणी, नमाज. मग चप्पल घालून खाली. सावंतकाका त्यांची वाटच बघत असतात रमजानात. वर आले तेव्हा मी विचारलं. सि. ३, एकावर एक. खऱ्या.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

आठवडा झाला, तेच. दिवसभर शून्य, इफ्तारनंतर ३, रात्री तरावीहच्या नमाजानंतर ४, ५. सहाच्या खाली आलेला आकडा परत सात-आठ. तक्ता बंद पडला. कागदावर स्पष्ट आहे, खंड नको. दिवसभर शरीर उपाशी ठेवलं की संध्याकाळी ते दुप्पट मागणार, हे साधं विज्ञान आहे.

मी अब्बांना म्हटलं, दिवसा यंत्र चालू ठेवा.
"रोज्यात?"
"अब्बा, तो धूर नाही. वाफ आहे. आंघोळीला गरम पाण्याची वाफ नाकात जाते, त्याने रोजा तुटतो का? मशिदीत ऊद जाळतात, तो तर खरा धूर. तो जातोच ना?"
अब्बा विचारात पडले. "मौलवीसाहेबांना विचारूया?"
मी म्हटलं, त्यांना केमिस्ट्री काय माहीत.

(असं म्हटलं मी.)

अम्मी भजी तळत होती. न वळताच म्हणाली, "मला काही हे बरं वाटत नाही." मग म्हणाली, "पण तू शिकलेली आहेस."

अब्बांनी कपाटातून यंत्र काढलं. "औषधच आहे म्हणतेस ना?"
"औषधच आहे."

३१ ऑगस्ट, सोमवार

आज तिसरा दिवस. इफ्तारनंतर अब्बा खाली गेलेच नाहीत! सावंतकाका वर आले विचारायला, बरं आहे ना म्हणून. सि. १. बत्तीस वर्षांत प्रथमच. मी लॅबमधून येताना त्यांच्यासाठी कलिंगड आणलं. आनंदाने काय लिहू कळत नाही. पाय वाचणार.

४ सप्टेंबर, शुक्रवार

मामू इफ्तारला लवकर आले. असरच्या नमाजानंतर अब्बा गॅलरीत उभे राहून ओढत होते, उघड, लपवायचं काही नव्हतंच. मामू दारातच थबकले.

"दुल्हाभाई! रोजा नाही?"
"आहे की."
"मग हे?"
"सलमाने वाचून सांगितलं. वाफ आहे, औषध."

मामू माझ्याकडे बघत राहिले. मी ऊद, आंघोळ, सगळं परत सांगितलं. सांगता सांगताच माझा आवाज लहान होत गेला. मामू ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. म्हणाले, "मी पण ओढणारा आहे बेटा. रोज्यात मला ऊद नको असतो आणि सिगारेट हवी असते. दोन्हीतला फरक मला विचारायचास. डिग्री लागत नाही त्याला."

अब्बांनी यंत्र ज्या हातात होतं तो हात खाली केला. इफ्तारला खजूर हातात घेऊन किती तरी वेळ बसले होते. मग अम्मी म्हणाली, "खा." तेव्हा खाल्ला.

५ सप्टेंबर, शनिवार

अब्बा मौलवीसाहेबांकडे जाऊन आले. एकटेच गेले, मला नको म्हणाले. मौलवीसाहेब म्हणाले, ऊद आपोआप नाकात जातो, हे आपण तोंडाने ओढतो. ते सात रोजे धरले जाणार नाहीत. जाणूनबुजून मोडले नाहीत, म्हणून फक्त भरून काढायचे, ईदनंतर कधीही. सात दिवस, सात कजा रोजे. बस.

बस कुठलं. अब्बांनी बारा वर्षांचे असल्यापासून एक रोजा सोडला नव्हता. टायफॉइडमध्येही ठेवले होते, दादी सांगायची. ते सगळं माझ्या एका कागदाने.

मी रडले. अब्बा जवळ येऊन बसले. "तू सांगितलंस, पण तोंड माझं होतं ना?" म्हणाले. "रोजे भरून येतात गो. पाय भरून येत नाही, म्हणून तू घाई केलीस. मला काय समजत नाही?"

मग मी विचारलं, जे दीड महिना सगळ्यांना विचारत होते आणि त्यांना कधीच नाही. अब्बा, तुम्हाला या यंत्राबद्दल काय वाटतं?

मग म्हणाले, "वाईट नाही. तलफ भागते. पण बघ, रमजानात सगळं पोर्ट माझ्याबरोबर रोज्यात असतं. खानसाब, मलबारी क्लार्क, गेटवरचा अरबी पोलीस. तेव्हा कुणी सिगारेट सोडलेली नसते, सगळ्यांनी मिळून बाजूला ठेवलेली असते. म्हणून जड जात नाही. इफ्तारला परत सगळे मिळून ओढतो. हे तुझं यंत्र तोंडात धरलं की मी एकटा पडतो. गाडीच्या मागे."

आणि मी दर वर्षी तीस तीस दिवस बघत होते की हा माणूस पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत सिगारेटशिवाय राहतो. तेच पकडून पुढे जायचं होतं. मी त्यालाच खंड म्हटलं.

तक्ता काढला.

११ ऑक्टोबर, रविवार

पाच आठवडे वही उघडली नाही. आकडे लिहावेसे वाटत नव्हते.

यंत्राच्या नळ्या संपल्या. मामू म्हणतात आता ग्वांगझूला जाणं होईल तेव्हा, इन्शाल्ला, धंदाच नाही तर जाऊ कशाला. अब्बांनी यंत्र पुसून डबीत घालून ठेवलं, मोडलेला चश्मा ठेवतात तसं. सि. १० च्या आसपास. पाय तसाच. बाजारात आज तीनदा थांबले, थांबल्यावर दुकानातल्या बनियनचे भाव विचारतात, म्हणजे कुणाला कळू नये.

सावंतकाकांना नोटीस मिळाली. महिनाअखेर पुण्याला. काकू म्हणाल्या, सामान विकतोय, मिक्सर हवा का? संध्याकाळी दोघं खाली उभे होते, दोघांकडेही खरी. मी गॅलरीतून बघितलं, आणि पहिल्यांदा राग आला नाही.

४ डिसेंबर, शुक्रवार

आमच्या घरात कजाचे रोजे म्हणजे बायकांचं काम. रमजानात आमचे महिन्यातले जे दिवस चुकतात ते अम्मी आणि मी डिसेंबरात भरून काढतो, दिवस लहान असतात म्हणून. बोलून दाखवायचं नाही, कुणी विचारत नाही. आज आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजत दिवस ठरवत होतो. अब्बा दारात आले. खाकरले.

"तुमचं कधीपासून आहे?"
अम्मी लाजली. या वयात! "काय कधीपासून?"
"मला पण सात आहेत."

रविवारपासून.

६ डिसेंबर, रविवार

पहिला कजा. पहाटे तिघं जेवलो. अब्बा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "हे तुम्ही दर वर्षी करता? दोघीच?"
अम्मी म्हणाली, "आता दोघी. आधी सतरा वर्षं एकटीच होते."
"आणि मी समोर बसून जेवायचो."
"जेवायचात. आणि मीठ कमी आहे म्हणायचात. मी चाखणार कशी?"
अब्बांनी घास खाली ठेवला. मग अम्मी इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि पाणी पिऊन घ्यायला जेमतेम वेळ उरला.

संध्याकाळी अब्बा घरी आले ते पांढरेफटक. रमजानात होत नाही असं. म्हणाले, "सगळी शेड ओढतेय. मी मध्ये उभा. खानसाबने पाकीट पुढे केलं, मी म्हटलं रोजा आहे, तर म्हणाला, हाजी, अब कौनसा रोजा?" तीन वाजता सगळ्यात कठीण गेलं म्हणे. शेडमधून निघून गाडीत बसून राहिले.

इफ्तारनंतर सि. २.

७ डिसेंबर, सोमवार

अम्मीने दुपारी तीनला अब्बांच्या मोबाइलवर मिस्ड कॉल दिला. ठरवून नाही, तिला सुचलं. अब्बांनी कट केला, म्हणजे कळलं. पाच मिनिटांनी मीही लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन दिला. कट केला.

घरी आल्यावर अब्बा: "काय चाललंय दोघींचं? मलबारी विचारतो, हाजीला कोण गर्लफ्रेंड मिळाली?"
अम्मी: "त्याला सांगा, दोन आहेत."

सि. १.

१० डिसेंबर, गुरुवार

पाचवा. तीनचा कॉल रोज जातो. आज एक गंमत. अम्मीला झोप लागली, तिचा राहिला. तीन वाजून दहा मिनिटांनी अब्बांचाच तिला मिस्ड कॉल.

सि. लिहायचं सोडलं आहे. अब्बा सांगतात तेव्हा ऐकते.

१४ डिसेंबर, सोमवार

सातवा. मधले शुक्रवार-शनिवार सुट्टीचे म्हणून सोडले होते. संपले. मगरीबची बांग झाली आणि अब्बांनी पहिला खजूर माझ्या हातावर ठेवला. "झाले गो तुझे," म्हणाले. माझे म्हणाले, त्यांचे नाही.

डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात परत जायचं आहे. पोर्टाच्या एका गेटापासून दुसऱ्यापर्यंत चालताना आज एकदाच थांबले, असं सांगत होते. थंडीमुळेही असेल. मी कसलाही निष्कर्ष काढत नाही.

जेवल्यावर खाली गेले नाहीत. पण गॅलरीत बराच वेळ उभे होते, हात मागे बांधून.

१५ डिसेंबर, मंगळवार

आज रोजा नाही. नेहमीसारखा चहा, नेहमीसारखी घाई. अब्बा बूट घालताना अम्मीला म्हणाले, "तीनला मिस्ड कॉल दे."
"आज रोजा कुठे आहे?"
"म्हणून तर."

अम्मीने माझ्याकडे बघितलं. मी बॅगेत डबा शोधत असल्यासारखं केलं.

तीनला लॅबच्या जिन्यात गेले. अम्मीचा होऊ दिला, मग माझा लावला. वाजला. कट झाला नाही. वाजतच राहिला, आणि अब्बांनी उचलला. कधी उचलत नाहीत, माझे पैसे जातात म्हणून.

"काय झालं अब्बा?"
"काही नाही. उभा आहे."
"कुठे?"
"शेडमध्येच."
मागे ट्रेलरचा आवाज, कुणीतरी हसलेलं, खानसाब असावेत. दोन मिनिटं आम्ही दोघं तसेच, कानाला मोबाइल लावून. त्यांचा श्वास ऐकू येत होता, हळू, लांब. श्वासावरून ओढतायत की नाही, हे मी ओळखू पाहत होते, मग तेही सोडून दिलं.

"ठेव आता," म्हणाले, "खिडकी उघडली, कागद द्यायचेत."

एका हातात मोबाइल होता. दुसऱ्या हातात काय होतं, विचारलं नाही.